शाळेत असताना विमानांची मॉडेल्स बनवायचो, आता पंचेचाळिशीत परत सुरू करावंसं वाटतंय. पुण्यात राहून कसं जमवावं?

करा की सुरू, त्यात एवढं विचारायचं काय! तुम्ही लिहिलंय की माळ्यावर शाळेतलं मिग-२१ चं अर्धवट किट सापडलंय, जवळचा चष्मा लागलाय, एअरब्रश (रंग फवारायचं पेनासारखं यंत्र) आणि त्याला हवा देणारा कॉम्प्रेसर आधी घ्यावा का कळत नाहीये आणि राहायला विमाननगरला असल्यामुळे मनात मात्र सुखोई आहे. मीही कॉलेजनंतर हा नाद सोडला होता आणि चाळिशी उलटल्यावर परत धरला, पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात, त्यामुळे जागेचं कारण मला सांगू नका. माझं म्हणणं एकच, पहिलं विमान छोटं घ्या, साध्या ब्रशने रंगवा आणि ते पूर्ण करा. या वयात हातात पैसे असतात आणि वेळ नसतो, मग माणूस सामानच घेत सुटतो, कपाटात न उघडलेले बॉक्स साठत जातात आणि एक विमान काही पुरं होत नाही.

सुखोई आत्ता नकोच. लोहगावहून रोज डोक्यावरून गेलं की तेच करावंसं वाटतं हे कबूल, पण खरं विमान जवळजवळ २२ मीटर लांब आहे, म्हणजे १/७२ मध्ये, खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं केलं तरीसुद्धा फूटभर होतं, वर दोन इंजिनांचे भाजलेल्या धातूच्या रंगाचे नोझल, पंखाखाली टांगायची मिसाईल्स, प्रत्येकाचे चार-चार पंख वेगळे. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो आणि बॉक्स परत माळ्यावर जातो.

त्यापेक्षा १/७२ चं स्पिटफायर किंवा हरिकेन घ्या, दोन्ही दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश लढाऊ विमानं. १/७२ म्हणजे मॉडेलचा एक इंच म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट. आपण दिवाळीत किल्ला करायचो तेव्हा मावळा दरवाजापेक्षा उंच आणि महाराज बुरुजापेक्षा मोठे असायचे, कुणाला काही वाटायचं नाही, इथे मात्र ते चालत नाही, म्हणून एक स्केल धरा आणि सगळी विमानं त्यातच करा, मगच शेल्फवर शेजारी ठेवून मजा येते. स्पिटफायरचे पंख १/७२ मध्ये साधारण साडेपंधरा सेंटीमीटर भरतात, एक इंजिन, एक छोटी काच, खरं विमानच शेपटीच्या चाकावर टेकून उभं राहणारं, त्यामुळे नाकात वजन घालायची भानगड नाही. आणि ‘परदेशी विमान कशाला’ असं म्हणू नका, १९४४ ला इम्फाळच्या लढाईत आपली १ नंबर स्क्वाड्रन अर्जन सिंगांच्या हाताखाली हरिकेनच उडवत होती. असं साधं किट हजार-दोन हजारांच्या आसपास ऑनलाइन मिळतं, एअरफिक्स कंपनीच्या बऱ्याच बॉक्सवर तर हल्ली मेड इन इंडिया छापलेलं असतं.

आता गोंद. आपल्या लहानपणी ट्यूबमधला तारा सुटणारा गोंद असायचा ना, तो विसरा. टामिया कंपनीचं एक्स्ट्रा थिन म्हणून हिरव्या झाकणाची बाटली येते, झाकणालाच बारीक ब्रश असतो. हा गोंद चिकटवत नाही, प्लास्टिक वितळवून जोडतो. आधी दोन्ही भाग कोरडेच एकमेकांना लावून धरायचे आणि ब्रशचं टोक फक्त फटीला टेकवायचं, थेंब आपोआप फटीतून पळत जातो. मग हलकेच दाबलं की वितळलेल्या प्लास्टिकची केसाएवढी रेघ वर येते, ती पुसायची नाही, तशीच रात्रभर सोडायची आणि दुसऱ्या दिवशी ब्लेडने खरवडून ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासायची, जोड दिसतच नाही. फक्त बोट फटीवर ठेवू नका, गोंद बोटाखाली शिरतो आणि तुमचा ठसा विमानावर कायमचा उमटतो.

कॉकपिटच्या काचेला मात्र हा गोंद लावू नका आणि फेविक्विक तर अजिबात नको, त्याच्या वाफेने काच आतून पांढरी धुरकट होते. साधा पांढरा फेविकॉल टूथपिकच्या टोकावर घेऊन लावा, वाळला की पारदर्शक होतो आणि जास्त झालेला ओल्या कापसाने पुसता येतो. एवढ्या महागड्या नादात सगळ्यात नाजूक काम शाळेच्या दप्तरातला फेविकॉल करतो हे मला भारी आवडतं.

सामानासाठी खास दुकान शोधत बसू नका. वॉटर पेपर आणि गाडीवाले वापरतात ती एनसी पुट्टी बोहरी आळीत, चिमटे, बारीक कटर आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे, ब्रश अप्पा बळवंत चौकात, नखं घासायचे बफर तुळशीबागेत (हे पंखांच्या कडा घासायला एक नंबर, घरातलं उचलू नका, भांडणं होतात). रंग भारतातच घ्या, एनॅमल, लॅकर, थिनर ज्वलनशील असल्यामुळे बाहेरून विमानाने मागवायला कटकटी असतात. आणि हार्डवेअरवाल्याचं एनसी थिनर प्लास्टिकला लावू नका, पंख मेणासारखा मऊ होतो.

रंगवायच्या आधी सगळे भाग भांड्यांच्या साबणाने धुवा, साच्यातलं तेलकट राहिलं असेल तर रंग धरत नाही. ब्रशसाठी व्हॅलेहोसारखे पाण्याचे रंग बरे, टामियाचे अ‍ॅक्रिलिक मुळात एअरब्रशला छान, ब्रशने दुसरा हात मारायला गेलं की खालचा थर उचलून येतो. रंग दुधाएवढा पातळ करा आणि पहिला हात पंखाच्या लांबीने, पूर्ण वाळल्यावर दुसरा आडवा, लागला तर तिसरा. पहिल्या हाताला विमान भयाण दिसतं, घाबरायचं नाही. दोन-तीन विमानं झाली की मग घ्या एअरब्रश, ०.३ चा नोझल पुरतो, हवेच्या १५-२० पीएसआय दाबावर काम होतं, पण मास्क लावून आणि खिडकी उघडी ठेवून. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे अ‍ॅक्रिलिक एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळतो, सकाळी लवकर बसा. पावसाळ्यात लॅकर आणि चमकदार क्लिअर कोट मारू नका, हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढुरकी झाक येते, ते दोन-तीन महिने जोडकाम उरकून घ्या. वाळत ठेवलेल्या विमानावर मोठा डबा उपडा घाला, मेट्रो आणि बांधकामांची धूळ कुठूनही येते.

डोळ्यांचं म्हणाल तर फार काळजी करू नका, डोक्याला अडकवायचं भिंग मिळतं आणि चांगला टेबललॅम्प घ्या. हात जरा थरथरला तर दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवून काम करायचं आणि चहा काम झाल्यावर.

राहिलं ते माळ्यावरचं मिग. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, १९६३ पासून होतं आपल्याकडे आणि त्यातली कितीतरी आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलने बनवलेली, त्यामुळे ते तुम्ही करणारच, पण दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला करा. ते तीन चाकांवर उभं राहतं, नाकातल्या शंकूत शिशाचे छर्रे इपॉक्सी गोंदाने भरले नाहीत (फेविकॉल नको, शिशावर त्याची प्रक्रिया होऊन ते फुगतं) तर शेपटीवर बसतं आणि ते फ्युजलाज (विमानाचं धड) बंद करायच्या आधीच करावं लागतं. तुमच्या बॉक्सवर कुठलं मिग लिहिलंय तेही बघा, मिग-२१ चे बरेच प्रकार आहेत, पीएफ असेल तर ७१ च्या युद्धातलं आपलं एफएल त्याच घराण्यातलं, थोडे फरक फोटो बघून जमवता येतात, पण नंतरचं बायसन किंवा बिस करायचं असेल तर पाठीचा आकारच वेगळा, ते किट दुसरं घ्यावं लागेल. एफएलचा मूळ रंग उघडा चकचकीत धातू आणि चंदेरी रंगाखाली प्रत्येक ओरखडा दिसतो, म्हणून कॅमोफ्लाजवालं करा. मग एक तर भरलेल्या जोडांच्या खुणा झाकल्या जातात आणि दुसरं म्हणजे ७१ ला घाईघाईत मारलेला रंग खऱ्या विमानांवरसुद्धा एकसारखा नव्हता, तुमचा ब्रश थोडा इकडेतिकडे गेला तरी रिव्हेट मोजत चुका काढणाऱ्यांना बोलायला जागा नाही.

आणि त्यातली डेकल्स (पाण्यात भिजवून विमानावर लावायची चिन्हं आणि अक्षरं) पिवळी पडली असतील तर टाकू नका, पाण्यात घालायच्या आधी तो कागद उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवून आठवडाभर ठेवा, पिवळेपणा बराच उडतो. तरी जुनी डेकल्स पाण्यात तुकडे होतात, म्हणून सगळ्यात आधी नको असलेलं एखादं छोटं अक्षर भिजवून बघा, तुटलं तर बाकीच्यांवर क्लिअर कोटचा एक पातळ हात मारून वाळवा आणि प्रत्येक चिन्ह कडेने कापून मग भिजवा. हवाई दलाच्या गोल चिन्हात केशरी कडा बाहेर आणि हिरवा मध्ये, एवढं बघून लावा.