ओटीटीवरची ‘तुमच्यासाठी’ ही रांग कोण ठरवतं, आणि माझ्या आईच्या बाबतीत ती का चुकते?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ‘तुमच्यासाठी’ म्हणून जी रांग दिसते तिच्यामागचं सॉफ्टवेअर कोणी शोधलं, आणि मराठी सिनेमे-नाटकं आवडीने बघणाऱ्या तुमच्या आईला तिथे सारखे हिंदी थरारपट का दिसतात. मी अशाच शिफारशी करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून थेट उत्तर आधी देतो. त्या यंत्रणेला आवड म्हणजे काय ते माहीत नसतं. तिच्याकडे नोंदी असतात: कोणी काय उघडलं, किती वेळ बघितलं, कुठे सोडलं. त्यातलं काय मोजायचं हे माणसं ठरवतात, आणि पुढचं जवळजवळ सगळं त्या निर्णयावर अवलंबून असतं.

शोध कुणा एकाचा नाही. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या ‘पार्क’ प्रयोगशाळेतून ‘टॅपेस्ट्री’ नावाची प्रणाली पुढे आली. ईमेलचा ढीग वाढत चालला होता. सहकाऱ्यांनी कोणत्या मजकुरावर काय शेरा मारलाय ते पाहून आपण काय वाचायचं ते ठरवावं, ही तिची कल्पना. ‘कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग’ हे नाव तिथलंच. पण कोणाचं मत मानायचं हे तिथे वाचकाला स्वतः सांगावं लागे. १९९४ मध्ये एमआयटी आणि मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘ग्रुपलेन्स’मध्ये तेही काम संगणकाकडे दिलं. यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावरच्या लेखांना वाचकांनी १ ते ५ गुण द्यायचे आणि ज्यांचे गुण तुमच्या गुणांशी जुळतात अशी अनोळखी माणसं संगणकाने हुडकायची. त्याच वर्षी एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये उपेंद्र शारदानंद आणि पॅटी मेस यांनी हीच युक्ती संगीतासाठी वापरून ‘रिंगो’ तयार केलं. गायकांना दिलेले गुण ईमेलने पाठवायचे, उलट टपाली नवी नावं यायची.

गिऱ्हाइकं लाखांनी वाढली की प्रत्येकासाठी जुळणारी माणसं शोधणं फार जड जातं. अ‍ॅमेझॉनमध्ये ग्रेग लिंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांऐवजी वस्तूंची जवळीक मोजली: हे पुस्तक घेणाऱ्यांनी आणखी कोणतं घेतलं, याचा तक्ता आधीच करून ठेवायचा. पेटंटचा अर्ज १९९८ चा, पेटंट मिळालं २००१ मध्ये. आज दुकानाच्या प्रत्येक ॲपवर दिसणारी ‘हेही पाहा’ची ओळ याच घराण्यातली.

सिनेमाच्या बाबतीत मात्र जरा सविस्तर सांगायला हवं ते नेटफ्लिक्सच्या स्पर्धेबद्दल. २ ऑक्टोबर २००६ रोजी नेटफ्लिक्सने जाहीर केलं की आमच्या ‘सिनेमॅच’ या सॉफ्टवेअरपेक्षा जो १० टक्के जास्त अचूक अंदाज करेल त्याला १० लाख डॉलर. कंपनी तेव्हा टपालाने डीव्हीडी पाठवायची. स्पर्धकांना ४,८०,१८९ ग्राहकांनी १७,७७० सिनेमांना दिलेले १० कोटींहून अधिक तारे, म्हणजे १ ते ५ गुण, मिळाले. शाळेच्या हजेरीपटासारखा एक तक्ता डोळ्यांसमोर आणा: उभे ग्राहक, आडवे सिनेमे. त्यात सुमारे ८५३ कोटी चौकटी होतात आणि भरलेल्या फक्त १० कोटी. म्हणजे जवळजवळ ९९ टक्के तक्ता कोरा. त्या कोऱ्या चौकटीत कोणता आकडा आला असता, तो सांगायचा.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘सायमन फंक’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका प्रोग्रॅमरने आपली रीत उघडपणे मांडली. प्रत्येक सिनेमाला मूठभर आकडे द्यायचे, प्रत्येक प्रेक्षकालाही तितकेच. दोन्हींच्या जोड्यांचा गुणाकार करून बेरीज केली की ताऱ्यांचा अंदाज मिळतो. अंदाज चुकला की आकडे थोडे सरकवायचे, पुन्हा करून बघायचं. ‘विनोदी’, ‘रडका’, ‘मारधाडीचा’ असं संगणकाला कोणी सांगत नाही. साधारण तशा अर्थाच्या बाजू त्या आकड्यांत आपोआप उमटतात. स्पर्धेत असूनही त्याने हे सगळं खुलं केलं आणि बाकीचे संघ त्यावरच उभे राहिले, याचं मला आजही फार मोल वाटतं.

स्पर्धेतलेच, एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीच्या प्रयोगशाळेतले यहुदा कोरेन, रॉबर्ट बेल आणि क्रिस व्होलिन्स्की यांच्या कामातून आणखी एक गोष्ट ठसठशीत झाली. प्रेक्षकाने किती तारे दिले याइतकंच, तारे द्यायला त्याने मुळात कोणते सिनेमे निवडले हेही बोलकं असतं. जो सिनेमा बघावासाही वाटत नाही त्याला कोण कशाला गुण देईल? काही सिनेमे तरीही हाताला लागत नव्हते. ‘नेपोलियन डायनामाइट’ हा त्यांतला नामांकित: एरवी सगळ्या आवडी जुळणारी दोन माणसं याच्यावर भांडत, एकाचे पाच तारे तर दुसऱ्याचा एक.

जून २००९ मध्ये १० टक्क्यांची रेषा ओलांडली गेली. नियमाप्रमाणे शेवटचे ३० दिवस उरले आणि त्या मुदतीअखेर दोन संघ अगदी सारख्या गुणांवर आले, १०.०६ टक्के सुधारणा. कोरेन, बेल, व्होलिन्स्की ज्यात होते त्या ‘बेलकोर्स प्रॅग्मॅटिक केऑस’ची नोंद २० मिनिटं आधीची, म्हणून बक्षीस त्यांचं. शेकडो मॉडेलांचं, म्हणजे अंदाज करण्याच्या रीतींचं, ते मिश्रण नेटफ्लिक्सने पुरतं वापरलं मात्र नाही. स्पर्धेच्या २००७ च्या टप्प्यातल्या दोन रीती घेतल्या आणि बाकीचं सोडलं, कारण मिळणाऱ्या अचूकतेच्या मानाने खटाटोप मोठा होता आणि तोवर कंपनी डीव्हीडीकडून इंटरनेटवर थेट दाखवण्याकडे वळली होती. तारे मागायची गरजच कमी झाली. माणूस काय बघतो ते क्षणाक्षणाला दिसू लागलं. २०१७ मध्ये तारे काढून अंगठे आले. लोक माहितीपटाला पाच तारे देतात आणि बघतात मात्र हलकाफुलका सिनेमा, असं कंपनीचं तेव्हाचं म्हणणं होतं.

मला यात मोठं नुकसान दिसतं. तारे देताना माणूस थोडा थांबून मत देत होता. बघितलेल्या मिनिटांमध्ये कंटाळा, सवय, झोप लागल्यावर आपोआप सुरू झालेला पुढचा भाग, सगळं एकाच मापाने मोजलं जातं.

मोजण्याची रीत बदलली की काय होतं हे संगीत व्यवसायाने आधीच पाहिलं होतं. अमेरिकेतलं ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक अल्बमांची क्रमवारी लावताना दुकानांना फोन करून काय खपतंय ते विचारायचं. २५ मे १९९१ पासून त्यांनी ‘साउंडस्कॅन’ची आकडेवारी घेतली, म्हणजे गल्ल्यावर बारकोड वाचला की विक्रीची नोंद. लगेच कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण धाटणीचं संगीत) आणि रॅपचे अल्बम वर चढले. गार्थ ब्रुक्ससारखा कंट्री गायक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. या संगीताचे श्रोते काही मे महिन्यात जन्मले नव्हते. फोनवर त्यांची गणती नीट होत नव्हती. यूट्यूबनेही २०१२ मध्ये व्ह्यूजऐवजी बघण्याच्या वेळेला महत्त्व दिलं, आणि व्हिडिओ करणाऱ्यांनी आपल्या व्हिडिओंची लांबी त्याप्रमाणे बदलली.

आता तुमच्या आईकडे येतो. पहिलं कारण बहुधा घरातच आहे: एक खातं, एक प्रोफाइल, चार माणसं. यंत्रणेला चारही मिळून एकच माणूस दिसतो आणि जो जास्त तास बघतो त्याचं पारडं जड. दुसरं कारण मराठीचं. मराठी बघणारे बहुतेक जण हिंदीही बघतात, पण हिंदी बघणारे सगळे मराठी बघत नाहीत. ‘हे बघणाऱ्यांनी आणखी काय बघितलं’ असं विचारलं की प्रत्येक मराठी सिनेमाच्या शेजारी एखादा गाजलेला हिंदी सिनेमा येऊन बसतो. खप जास्त असलेल्या गोष्टींचं वजन मुद्दाम कमी करण्याच्या रीती आहेत, पण त्या किती वापरायच्या हा पुन्हा माणसांचाच निर्णय. आणि शिवाजी मंदिरला किंवा बालगंधर्वला तिकीट काढून पाहिलेलं नाटक तर या तक्त्यात कुठेच नसतं. आईच्या आवडीचा तो भाग यंत्राच्या लेखी कोराच. ज्या भाषेत आठवड्याला इतकी नाटकं लागतात तिच्या प्रेक्षकाला यंत्राने ‘अल्पसंख्य’ समजावं, हे मला मनापासून खटकतं.

करण्यासारखं बरंच आहे. आईसाठी वेगळी प्रोफाइल काढा आणि तिच्यावर दुसऱ्या कोणी काही लावू नका. आपोआप पुढचा भाग सुरू होणं बंद करा. नेटफ्लिक्सवर बघितलेल्याच्या यादीत जाऊन नको ते लपवता येतं, यूट्यूबवर पाहिल्याच्या इतिहासातून काढता येतं. सुरुवातीचे काही सिनेमे शोधून, नाव टाइप करून लावा आणि आवडले तर शेवटपर्यंत चालू द्या, अंगठा द्या. नव्या प्रोफाइलमध्ये नोंदी थोड्या असल्यामुळे सुरुवातीच्या नोंदींचा परिणाम मोठा होतो.

एक सावधगिरी. नेटफ्लिक्सने स्पर्धेसाठी नावं काढून दिलेल्या त्या तक्त्यावर टेक्सास विद्यापीठातल्या अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी दाखवलं की एखाद्याचे आठ सिनेमांचे तारे आणि अंदाजे तारखा माहीत असतील, त्यांतले दोन तारे साफ चुकीचे असले तरीही, ९९ टक्के नोंदी एकेका ग्राहकापर्यंत पोचतात. पुढे खटला झाला आणि मार्च २०१० मध्ये नियोजित दुसरी स्पर्धा रद्द करावी लागली. म्हणून ‘तुमची ओटीटीची यादी जोडा, आम्ही आणखी चांगल्या शिफारशी देऊ’ म्हणणाऱ्या तिसऱ्याच ॲपला आईच्या खात्याचा पासवर्ड देऊ नका. वर सांगितलेलं सगळं त्याच ओटीटीच्या सेटिंग्जमध्ये फुकट होतं.