पाचटाचं इथेनॉल आणि मुलीची वाट

पत्र: मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाचटापासून इथेनॉल करायला मदत करणाऱ्या जीवाणूंवर संशोधन करायचं म्हणते. यात नोकरी आहे का, की बी.एड.ला घालावं? (ऊस उत्पादक पालक, सोलापूर जिल्हा)

नमस्कार भाऊ,

तुमच्या गोठ्यातली म्हैस कडबा खाते, पण तो पचवतात तिच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव. त्यांची एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, कडब्यातलं सेल्युलोज, म्हणजे त्याच्या तंतूंचा मुख्य घटक, फोडतात. मुलीला हेच काम टाकीत करायचं आहे. सेल्युलोजची साखर झाली की पुढचं इथेनॉल यीस्ट करतं. अडतं ते लिग्निनपाशी, म्हणजे काडीला कडकपणा देणाऱ्या घटकापाशी. ते सेल्युलोजला वेढून बसतं, म्हणून पाचट आधी वाफेनं, ॲसिडनं मोकळं करावं लागतं. वर एन्झाइमचा खर्च. क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम हा जीवाणू ६० अंशांच्या आसपास वाढतो आणि आपली बरीचशी एन्झाइम्स एकाच सांगाड्यावर बसवून तंतूला चिकटतो. मुलीला या विषयाची ओढ का लागली, हे मला पुरतं कळतं.

पण तिला एक गोष्ट आत्ताच कळायला हवी. कारखान्यांत वापरली जाणारी सेल्युलोज फोडणारी एन्झाइम्स आज मुख्यतः ट्रायकोडर्मा या बुरशीपासून येतात. पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून रोज १ लाख लिटर इथेनॉल करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. असे प्रकल्प देशात अजून मोजकेच, त्यामुळे फक्त त्यांच्या भरवशावर राहू नका.

तिनं एका जीवाणूला न चिकटता एन्झाइम तयार करणं, शुद्ध करणं, त्याची क्षमता मोजणं आणि फर्मेंटर (सूक्ष्मजीव वाढवायची टाकी) चालवणं शिकावं. कपड्यांवरचे डाग काढणारी बॅसिलसची एन्झाइम्स, जीन्सचं कापड मऊ करणारं सेल्युलेज, औषधकंपन्या, डिस्टिलऱ्या, सगळीकडे हेच हात लागतात.

एम.एस्सी.साठी गॅट-बी (जैवतंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांसाठी) आणि जॅम (आयआयटीसारख्या संस्थांसाठी) या प्रवेश परीक्षांची तयारी यंदाच सुरू करा. गॅट-बीतून डीबीटीच्या (केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग) अभ्यासक्रमाला जागा मिळाली तर विद्यावेतनही मिळतं. संशोधनच करायचं ठरलं तर नेट ही पात्रता परीक्षा, मग पीएच.डी.; पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आघारकर संशोधन संस्था, मुंबईत आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था). त्यात पाचेक वर्षं जातात, घरची तयारी तेवढी ठेवा. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, आत्ता त्यात घालू नका.

तुम्ही सभासद असाल त्या कारखान्याला डिस्टिलरी असेल, तर तिथल्या प्रयोगशाळेत सुट्टीत महिनाभर काम करू द्यावं असा अर्ज तिला स्वतःला लिहू द्या. तुम्ही फक्त सोबत जा.