खांड गेल्यानंतरची शेती

प्रश्न : पेण तालुक्यात धरमतर खाडीच्या काठी आमची भातशेती आहे. भाद्रपद अमावास्येच्या उधाणात बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटून भगदाड पडले, आणि पोटरीवर (कणीस बाहेर पडण्याआधीच्या अवस्थेत) आलेल्या भातात खारे पाणी शिरले. त्या दिवशी पाऊसही नव्हता. हे कसे घडले? जमीन पुन्हा भाताला येईल का?
– एक शेतकरी

उत्तर : जमीन भाताला येईल, परंतु खांड किती लवकर बुजते यावर ते अवलंबून आहे. खारेपाटातील, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातील, पुष्कळशी शेते उधाणाच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे खाडी आत यायला पाऊस लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेची भरती चढते आणि खेकड्यांच्या बिळांनी पोखरलेला मातीचा बांध नेमका तिथे फुटतो. त्यानंतर अधिक नुकसान करते ती ओहोटी, कारण शेतात साचलेले पाणी त्याच वाटेने जोरात बाहेर पडताना दोन्ही कडा खरवडून नेते आणि खांड रुंदावत जाते. म्हणून पुढच्या उधाणाची वाट न पाहता, अष्टमीच्या सुमारास पाण्याला भांग असतानाच, म्हणजे भरती कमी चढते तेव्हाच, ती बांधून घ्यावी.

पोटरी-फुलोऱ्यात भाताला क्षार सोसत नाही, त्यामुळे यंदाच्या पिकाची आशा फारशी नाही. उन्हाळ्यात जमिनीतील ओल उडते आणि मीठ वर येऊन पांढरे पापुद्रे धरतात. पेंढा पसरून जमीन झाकल्यास हे कमी होते. पावसाळ्यात गोडे पाणी शेतात कोंडावे, ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातील पाणी सोडायच्या दारातून, सोडावे आणि असे वारंवार करावे. तोवर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ यांसारख्या क्षार सोसणाऱ्या जाती लावाव्यात. गावाचे तळे खारे झाले असेल, तर गुरांच्या पाण्याची सोय आधी पाहावी.

खांड वर्षानुवर्षे उघडी राहिली, तर शेतात कांदळवन रुजते. बांधाबाहेरचे कांदळवन लाटांचा मार अंगावर घेते, ते जपलेच पाहिजे. मात्र शेतात वाढलेले तोडण्यासही कायद्याची आडकाठी येते आणि सातबाऱ्यावर नाव असूनही शेतकऱ्याचा हात बांधला जातो. ही अवस्था मला सर्वांत क्लेशकारक वाटते. ती टाळण्यासाठी तलाठ्याकडे पंचनाम्याचा अर्ज आजच द्यावा, आणि आपला बांध शासकीय योजनेतील आहे की खाजगी, हे खारभूमी विकास विभागाकडून लेखी घ्यावे. दुरुस्ती कोणाकडे मागायची, हे त्यावरूनच ठरते.