सहकार्य, सहयोग, सहभाग, भागीदारी : वैद्यकीय संशोधनाच्या लेखनात कोणता शब्द कोठे?

प्रश्न : वैद्यकीय संशोधनावरील लेख मराठीत आणताना ‘कोलॅबरेशन’साठी सहकार्य, सहयोग, सहभाग आणि भागीदारी हे चार शब्द समोर येतात. हे समानार्थी मानून कोणताही वापरला तर चालेल का? तसेच ‘ट्रान्सलेशनल रिसर्च’ला ‘भाषांतरात्मक संशोधन’ म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : चारही शब्दांत एकत्र येण्याचा अर्थ आहे, तरीही ते समानार्थी मानू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्यातील भेद कोशापेक्षा वापरात अधिक ठळक दिसतो. वैद्यकीय लेखनात तो भेद पुसला गेला, तर एखादा उपचार नेमका कोणाच्या कोणत्या कामातून उभा राहिला हेच वाचकाला कळेनासे होते. प्रयोगशाळेतील शोध रुग्णापर्यंत पोहोचतो तो अनेक हातांतून, आणि प्रत्येक हाताचे काम निराळे असते.

‘सहकार्य’ची फोड सरळ आहे. सह म्हणजे बरोबर, आणि कार्य म्हणजे काम. व्युत्पत्तीकडे पाहिले तर चौघांत हाच शब्द सर्वांत नेमका ठरावा. मात्र सार्वजनिक भाषेत त्याचा अर्थ हळूहळू अरुंद झाला आहे. ‘प्रवाशांनी सहकार्य करावे’, ‘चौकशीत सहकार्य केले नाही’, ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत’ अशा वाक्यांत सहकार्य करणारा माणूस स्वतः काही काम करत नाही, तो दुसऱ्याच्या कामात अडथळा आणत नाही एवढेच. शब्दाला चिकटलेली ही छटा वैद्यकीय लेखनातही मागाहून येते आणि बरोबरीने राबलेल्या संशोधकाला नकळत मदतनीस करून टाकते.

याहून महत्त्वाची गोष्ट व्याकरणाची आहे. मराठीत तृतीया विभक्ती कर्ता दाखवते आणि करणही दाखवते, म्हणजे काम करणाऱ्यालाही ‘ने’ लागतो आणि कामाच्या साधनालाही ‘ने’च लागतो. ‘अमुक कंपनीने तमुक विद्यापीठाच्या सहकार्याने औषध विकसित केले’ या वाक्यात पहिला ‘ने’ कर्त्याचा आहे आणि दुसरा करणाचा. विद्यापीठ तर षष्ठीत गेले आहे, आणि त्याचे सहकार्य कंपनीचे साधन बनले आहे. लेखकाच्या मनात विद्यापीठाला कमी लेखण्याचा हेतू नसला, तरी वाक्यरचनेने श्रेयाची वाटणी करून टाकलेली असते. ‘कंपनीने आणि विद्यापीठाने मिळून औषध विकसित केले’ असे लिहिले की दोघेही कर्ते होतात. ‘मिळून’ हे साधे पूर्वकालवाचक रूप येथे कोणत्याही जड संस्कृत शब्दापेक्षा अधिक न्यायी आहे, आणि त्याचा वापर औपचारिक लेखनात निःसंकोच वाढावा असे मला मनापासून वाटते.

हा भेद किती मोलाचा आहे ते इन्सुलिनच्या इतिहासात दिसते. टोरंटो विद्यापीठात १९२१ च्या उन्हाळ्यात शल्यचिकित्सक फ्रेडरिक बँटिंग आणि त्यांचे तरुण साहाय्यक चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडापासून अर्क काढण्याचे प्रयोग केले. त्यासाठी प्रयोगशाळा आणि मार्गदर्शन शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक जॉन मॅक्लाउड यांनी दिले होते. ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या एका मुलाला हा अर्क प्रथम टोचला गेला, परंतु तो पुरेसा शुद्ध नव्हता. रक्तातील साखर थोडीच उतरली आणि टोचल्या जागी गळू झाले. त्यानंतरच्या काही दिवसांत जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध करण्याची रीत शोधली, आणि २३ जानेवारीपासून दिलेल्या शुद्ध अर्काने मुलाची प्रकृती सुधारू लागली. पुढे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करताना अडचणी आल्या तेव्हा एली लिली या अमेरिकी कंपनीशी करार झाला आणि कारखान्यातील रसायनशास्त्रज्ञांनी उत्पादनाची पद्धत सुधारली.

आता ‘बँटिंग यांनी मॅक्लाउड, बेस्ट आणि कॉलिप यांच्या सहकार्याने इन्सुलिन शोधले’ असे वाक्य लिहून पाहावे. त्यात तपशिलाची चूक काढता येणार नाही. तरीही कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या अर्काशिवाय त्या मुलावरचा उपचार यशस्वी झाला नसता, ही मुख्य गोष्ट त्या वाक्यातून हरवते. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना जाहीर झाले, तेव्हा बँटिंग यांनी आपली रक्कम बेस्ट यांच्याबरोबर आणि मॅक्लाउड यांनी कॉलिप यांच्याबरोबर वाटून घेतली. चौघांतील संबंध सलोख्याचे नव्हते, बँटिंग आणि कॉलिप यांच्यात तर तीव्र वाद झाले होते. म्हणून ‘सहकार्य’ या शब्दातून वाचकाच्या मनात येणारी खेळीमेळीची कल्पना अशा वेळी बाजूला ठेवावी लागते. एकत्र काम होण्यासाठी परस्परांची गरज असावी लागते, स्नेह असेलच असे नाही.

‘सहयोग’ या शब्दात युज् हा धातू आहे आणि त्याचा अर्थ जोडणे. कार्यक्रमपत्रिकेवरील ‘यांच्या सहयोगाने’ या शब्दांचा अर्थ आज बहुधा पैसा किंवा जागा देणे एवढाच राहिला आहे. तरीही अनेक संस्था एका योजनेला दीर्घकाळ जोडल्या जातात आणि प्रत्येक संस्था आपल्या जागी राहूनच काम करते, तेव्हा ‘सहयोग’ मला ‘सहकार्य’पेक्षा अधिक जवळचा वाटतो. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली ‘रिकव्हरी’ ही चाचणी याचे चांगले उदाहरण आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने आराखडा तयार केला, आणि १७५ हून अधिक रुग्णालयांनी कोविडने दाखल झालेल्या रुग्णांना एकाच पद्धतीने, यादृच्छिक वाटणी करून, चाचणीत घेतले. १६ जून २०२० रोजी जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार डेक्सामेथासोन या जुन्या आणि स्वस्त औषधाने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने आणि प्राणवायूवर असलेल्यांचे सुमारे एकपंचमांशाने घटले, तर प्राणवायूची गरज नसलेल्यांना त्याचा लाभ दिसला नाही. कोणत्या रुग्णाला औषध द्यावे आणि कोणाला देऊ नये हे इतक्या थोड्या काळात सांगण्याइतके रुग्ण कोणत्याही एका रुग्णालयाकडे नव्हते. येथे रुग्णालयांचा ‘सहयोग’ आणि विद्यापीठाचा ‘समन्वय’ असे दोन शब्द लागतात, आणि ते एकमेकांच्या जागी घालता येत नाहीत. विखुरलेली कामे एका सूत्रात आणणे म्हणजे समन्वय, आणि ते काम करणाऱ्याला ‘समन्वयक’ म्हणण्याची आपली रूढी अगदी योग्य आहे.

‘भागीदारी’ हा शब्द व्यवहारातला आहे. ‘भाग’ला ‘धारण करणारा’ या अर्थाचा फारसी ‘दार’ लागून तो आला आहे, आणि ज्याचा भाग आहे त्याला नफा आहे तसा तोटाही आहे, ही जाणीव त्यात पक्की आहे. म्हणूनच दोन संस्थांनी सामंजस्यपत्रावर सह्या करताच बातमीत ‘भागीदारी’ लिहिणे मला मान्य नाही. पैसा, धोका आणि फळ यांची वाटणी ठरली असेल तेथेच तो शब्द शोभतो. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचे जनुक १९८९ मध्ये सापडले. पुढे या आजाराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने औषध शोधण्यासाठी एका कंपनीला पैसा पुरवला आणि औषध यशस्वी झाल्यास विक्रीतील हिस्सा मिळण्याचा हक्क करारात राखून ठेवला. ती कंपनी नंतर व्हर्टेक्स या कंपनीत विलीन झाली. त्यातून तयार झालेल्या आयव्हाकाफ्टर या औषधाला जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. प्रारंभी ते सुमारे ४ टक्के रुग्णांनाच उपयोगी होते, परंतु आजाराच्या मुळाशी असलेल्या प्रथिनाच्या दोषावर काम करणारे ते पहिले औषध होते. २०१४ मध्ये फाउंडेशनने आपला हिस्सा ३३० कोटी डॉलरना विकला. औषध फसले असते तर देणगीदारांचा पैसा बुडाला असता. ही भागीदारी आहे, आणि तिला ‘सहकार्य’ म्हटले तर तिच्यातील जोखीम झाकली जाते.

याउलट ज्याने केवळ पैसा दिला आणि बदल्यात हिस्सा मागितला नाही, त्याने ‘अर्थसाहाय्य’ केले. लेखनापुरती एक नोंद करतो : ‘सहाय’ म्हणजे मदतनीस आणि त्याचे भाववाचक नाम ‘साहाय्य’. पहिल्या अक्षराला काना हवा.

‘सहभाग’ या शब्दाला वैद्यकीय संशोधनात नैतिक वजन आहे, म्हणून तो संस्थांसाठी सैलपणे खर्च करू नये. चाचणीत भाग घेणाऱ्या माणसांसाठी तो राखून ठेवावा. मानवी संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ मध्ये स्वीकारला गेला, आणि ज्यांच्यावर संशोधन होते त्यांच्यासाठी त्यात दीर्घकाळ ‘प्रयोगाचा विषय’ अशा अर्थाचा शब्द होता. २०२४ च्या सुधारणेत तो बदलून ‘सहभागी’ या अर्थाचा शब्द आणला गेला. त्याच्या कितीतरी आधी, १९८३ मध्ये डेन्व्हर येथे एड्सग्रस्तांनी ‘आम्हाला बळी म्हणू नका’ असे सांगत निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर स्थान मागितले होते. ‘शंभर रुग्णांवर औषधाचा प्रयोग केला’ आणि ‘चाचणीत शंभर रुग्ण सहभागी झाले’ या दोन वाक्यांपैकी दुसरे लिहावे, पण रुग्णांनी माहितीपूर्वक संमती दिली असेल तरच. संमतीविना झालेल्या प्रयोगाला ‘सहभाग’ म्हणणे असत्य ठरेल.

अनेकदा एकाच कथेत वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे शब्द लागतात. पेनिसिलिनचे असेच आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये बुरशीचा जंतुनाशक गुण पाहिला, पण औषध हाती यायला ऑक्सफर्डचे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांचे काम लागले. १९४१ च्या फेब्रुवारीत त्यांच्या पहिल्या रुग्णाला, एका पोलीस शिपायाला, प्रारंभी उतार पडला. साठा इतका तुटपुंजा होता की त्याच्या लघवीतून औषध परत काढून वापरले गेले, आणि तेही संपल्यावर तो दगावला. त्याच वर्षी फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. पिओरिया येथील सरकारी कृषी प्रयोगशाळेत मक्यापासून स्टार्च काढताना उरणाऱ्या द्रवावर बुरशी वाढवून उत्पन्न अनेक पटींनी वाढवण्यात आले, आणि औषध कंपन्यांनी खोल टाक्यांत किण्वन करण्याची पद्धत उभी केली. फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ‘मिळून’ काम केले. रॉकफेलर फाउंडेशनने ‘अर्थसाहाय्य’ दिले. पिओरियाच्या प्रयोगशाळेने ‘उत्पादनपद्धत सुधारली’. या शेवटच्या वाक्यात तर सह-उपसर्गाचा कोणताच शब्द नको. काय केले ते क्रियापदानेच सांगावे. हीटली यांचे नाव १९४५ च्या नोबेल पारितोषिकात नव्हते. ऑक्सफर्डने त्यांना वैद्यकशास्त्रातील मानद पदवी दिली ती १९९० मध्ये. आपण मराठीत लिहिताना तरी त्यांना ‘यांच्या सहकार्याने’च्या षष्ठीत ढकलू नये.

आता ‘ट्रान्सलेशनल रिसर्च’. ‘भाषांतरात्मक संशोधन’ येथे सर्वथा अयोग्य आहे, कारण ‘भाषांतर’ या शब्दात भाषा अंगभूत आहे आणि मूळ संज्ञेत ती नाही. तेथे एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याचा अर्थ आहे, म्हणजे मूलभूत शोध उपचारापर्यंत नेणे. ‘उपयोजित संशोधन’ ही संज्ञा अधिक व्यापक आणि आधीच रुळलेली असल्याने तीही घेऊ नये. मी ‘उपचारलक्ष्यी संशोधन’ हा शब्द सुचवतो. ‘पूर्वलक्ष्यी’मुळे ही घडण वाचकाच्या परिचयाची आहे.

या शब्दाची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवली पाहिजे. रक्ताच्या एका कर्करोगात दिसणारे विकृत गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात आढळले. दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल हे त्याचे कारण १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवले. सिबा-गायगी कंपनीतील निकोलस लायडन यांचा गट आणि कर्करोगतज्ज्ञ ब्रायन ड्रुकर यांच्या कामातून पुढे आलेल्या इमॅटिनिब या औषधाला मे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. येथपर्यंत वाट प्रयोगशाळेकडून रुग्णाकडे जाते. पण काही रुग्णांत औषध निष्प्रभ होऊ लागले, तेव्हा त्यांच्या पेशी प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या, औषधाचे लक्ष्य असलेल्या प्रथिनातील बदल सापडले, आणि त्यांपैकी अनेक बदलांवरही चालणारे डॅसॅटिनिब २००६ मध्ये आले. उलट दिशेची ही वाट ‘उपचारलक्ष्यी’ या शब्दातून आपोआप कळत नाही. म्हणून संज्ञा प्रथम येईल तेथे ‘शोध उपचारापर्यंत नेणारे आणि उपचारातील अनुभव पुन्हा प्रयोगशाळेत आणणारे संशोधन’ अशी एका वाक्याची व्याख्या द्यावी, आणि त्यानंतर पूर्ण लेखात तीच संज्ञा कायम ठेवावी.