पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या आजच विकत घ्याव्यात का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि सोबतचे दरपत्रक मिळाले. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही मुलुंडला राहता, पती-पत्नी दोघेही नोकरी करता, मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा आहे, आणि वडील तुमच्याजवळच असतात. मॉलमध्ये भरलेल्या कुपनावरून एका हॉलिडे क्लबचा फोन आला, रविवारी तुम्ही चौघे त्यांच्या कार्यक्रमाला गेलात, मुलांना फुगे आणि रंगवायची चित्रे मिळाली, तुम्हाला तीन तास माहिती मिळाली, आणि निघताना कार्डावरून दहा हजार रुपये टोकन भरून तुम्ही घरी आलात. सभासदत्व पंचवीस वर्षांचे आहे आणि त्यात वर्षाला सात रात्री मिळणार आहेत. किंमत जीएसटीसह ४,२०,००० रुपये. पैकी ६०,००० आधी भरायचे आणि उरलेली रक्कम १५ टक्के व्याजाने ४८ हप्त्यांत, म्हणजे दरमहा १०,०१९ रुपये. शिवाय वर्षाला १८,००० रुपये देखभाल शुल्क आहे आणि ते महागाईनुसार वाढत जाणार आहे.

या आकड्यांपेक्षा तुमच्या पत्रातले एक वाक्य मला महत्त्वाचे वाटते. तुम्ही लिहिता की तुमच्या लहानपणी मे महिना म्हणजे संगमेश्वरजवळचे गाव हे ठरलेलेच असे, तुमच्या मुलांचे मात्र असे काहीच ठरलेले नाही. पैसे भरून ठेवले म्हणजे निदान दरवर्षी जाणे तरी होईल. हा युक्तिवाद मी उडवून लावणार नाही. सुट्टीसाठी म्हणून बाजूला ठेवलेले पैसे ऐन वेळी फ्रिजला किंवा सोसायटीच्या रंगकामाला जातात, हे मी माझ्या घरातही पाहिलेले आहे, आणि पैसे अडकवल्याशिवाय आपण घराबाहेर पडत नाही हे स्वतःविषयी ओळखणे काही कमी नाही. मात्र सक्ती करून घ्यायची तर ती आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीची व्हायला हवी, आणि या दरपत्रकात ती तशी होत नाही.

पत्रकाचे तिसरे पान उघडा आणि शेजारी मुलीच्या शाळेची डायरी ठेवा. तुम्हाला देऊ केलेला गट मधल्या हंगामाचा आहे. त्यात जुलै ते सप्टेंबर आणि फेब्रुवारी-मार्चचे काही आठवडे येतात. दिवाळीचे दोन आठवडे, नाताळ आणि संपूर्ण मे महिना वरच्या गटाकडे आहे, ज्याची किंमत त्याच पानावर तळाशी ६,३०,००० रुपये छापलेली आहे. मुंबईतल्या राज्य मंडळाच्या शाळांना मोठी सुट्टी दिवाळीत आणि मे महिन्यात असते. जुलैत शाळा नुकती सुरू झालेली असते, मार्चमध्ये परीक्षा तोंडावर असतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात जी चार दिवसांची सवड मिळते ती गणपतीची. त्या दिवसांत तुम्ही डोंगरावरच्या रिसॉर्टमध्ये जाऊन बसाल, असे तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. मुलगा अजून शाळेत नाही आणि मुलगी पहिलीत आहे, त्यामुळे एखादे वर्ष आठवडाभर दांडी चालून जाईल. पाचवीनंतर ती चालत नाही.

आता पंचवीस वर्षांकडे पाहू. सभासदत्व संपेल तेव्हा मुलगी ३१ वर्षांची आणि मुलगा २८ वर्षांचा असेल. आईवडिलांबरोबर आनंदाने फिरण्याचे वय, माझ्या अनुभवाप्रमाणे, नववीच्या क्लासबरोबर संपते. पुढे थोरलीचे दहावी-बारावीचे वर्ष सरले की धाकट्याचे येते. म्हणजे किंमत पंचवीस वर्षांची द्यायची आणि खरा उपयोग आठ-दहा वर्षांचा व्हायचा. उरलेल्या वर्षांत तुम्ही दोघेच जाल हे खरे, पण ती गरज वेगळी आहे आणि तिची तरतूद आजच कर्ज काढून करायला नको.

हिशेब असा होतो. आधीचे ६०,००० आणि ४८ हप्ते मिळून तुमचे ५,४०,९१२ रुपये जातात. ४,२०,००० च्या वस्तूसाठी जवळजवळ एक लाख एकवीस हजार रुपये निव्वळ व्याज. देखभाल शुल्क दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढते असे धरले (हे गृहीतक माझे; पत्रकात कमाल मर्यादा कुठेही दिलेली नाही), तर पंचवीस वर्षांत त्याचे सुमारे ९ लाख ८८ हजार होतात आणि शेवटच्या वर्षाचे शुल्क ७३ हजारांच्या आसपास जाते. दोन्ही मिळून साधारण १५ लाख २८ हजार, भागिले १७५ रात्री, म्हणजे एका रात्रीला सरासरी ८,७०० रुपये. पंचवीस वर्षांनंतरच्या हॉटेलदरांच्या मानाने हा आकडा कमी वाटेल, आणि कार्यक्रमात तुम्हाला हीच तुलना दाखवली गेली असणार. पण यात जेवण नाही, प्रवास नाही, आणि ज्या वर्षी वडिलांच्या आजारपणामुळे किंवा नोकरीतल्या बदलामुळे जाणे होणार नाही, त्या वर्षीही शुल्क भरावेच लागणार आहे.

तेच पैसे तुम्ही स्वतःकडे ठेवले तर काय होते, तेही पाहा. ६०,००० ची मुदत ठेव आणि १०,०१९ रुपयांचे आवर्ती खाते चार वर्षे चालवले, आणि व्याज साडेसहा टक्के धरले, तर चार वर्षांनी हातात सुमारे ६ लाख २८ हजार रुपये येतात. त्यावरचे वर्षाचे व्याज साधारण ४०,८००. कर वजा जाता बत्तीस हजार धरा. तोपर्यंत साडेबावीस हजारांच्या पुढे गेलेले देखभाल शुल्कही तुमचे वाचलेले असेल. म्हणजे मुद्दलाला हात न लावता दरवर्षी ५५,००० रुपयांच्या आसपास सुट्टीसाठी मिळतात, आणि कुठे, कधी, किती दिवस जायचे हे तुम्ही ठरवता. हॉटेलांचे दर वाढतील आणि व्याज वाढणार नाही, ही या मांडणीतली उणी बाजू आहे. पण तुमच्या खऱ्या उपयोगाची वर्षे आठ-दहाच असल्याने वरचे थोडे मुद्दलातून काढले तरी बिघडत नाही.

याहून मोठे कारण तुमच्याच कोष्टकात आहे. दोघांचे मिळून हातात येणारे उत्पन्न १,३८,०००. त्यातून घराचा हप्ता ४६,०००, शाळा, पाळणाघर, घरखर्च धरून १,१०,००० जातात, १२,००० एसआयपीत जातात आणि १६,००० उरतात. शिल्लक ठेवी फक्त १,४०,०००. त्यातले ६०,००० क्लबला दिले तर मागे ८०,००० राहतात, म्हणजे पुरता एका महिन्याचा खर्चही नाही, आणि दोघांचाही आरोग्यविमा नोकरीशी बांधलेला आहे. निदान चार महिन्यांचा खर्च, म्हणजे ४,४०,००० रुपये, हाताशी हवेत. वर सांगितलेले आवर्ती खाते हे काम आपोआप करते. अडचण आली तर ते मोडता येते. आगाऊ विकत घेतलेल्या रात्री मोडून हॉस्पिटलचे बिल भरता येत नाही.

मग ही चार वर्षे मुलांचे काय, असे तुम्ही विचाराल. चार वर्षांनी ती दहा आणि सात वर्षांची होतील, आणि लांबच्या प्रवासाची मजा खरी तेव्हा सुरू होते. तीन वर्षांच्या मुलाला रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव आणि सोसायटीतला पाण्याचा पाइप यांत फारसा फरक वाटत नाही. या वयात त्यांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, त्याच क्रमाने हवी असते, आणि परंपरा म्हणून आपण जे म्हणतो ते याहून फार वेगळे नसते. दिवाळीचा किल्लाच घ्या. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी विटा आणि दगड रचायचे, जुने गोणपाट चिखलात बुडवून त्यांवर पसरायचे, वरून अळीव आणि मोहरी पेरायची, आणि पाडव्यापर्यंत हिरवळ उगवली की नाही हे पाहायला मुले रोज सकाळी दात न घासता खाली पळतात. महाराज आणि मावळे दरवर्षी नवे आणायचे नसतात. मागच्या वर्षी हात तुटलेला मावळा डिंकाने चिकटवून पुन्हा उभा करणे हाच त्यातला सोहळा असतो. माझ्या मुलीचा एक तोफवाला असाच अकरा वर्षे नोकरीत होता. याचा सगळा खर्च हजाराच्या आत बसतो. कंदीलही एखाद्या वर्षी काड्या आणि पतंगी कागद आणून घरी करा. वाकडा होतो, पण गॅलरीत तो तिरका लटकतानाच मुलांना अधिक आवडतो.

बाहेर जायचे तर दरवर्षी एकच ठिकाण ठरवा. नेरळहून माथेरानची छोटी गाडी १९०७ पासून धावते. पावसाळ्यात नेरळपासूनचा टप्पा बंद असतो, म्हणून जायचे तर दिवाळीनंतर. वर गाड्यांना बंदी असल्याने लहान मुलांचा हात सोडता येतो, आणि ही चैन मुंबईकर आईबापांना एरवी मिळत नाही. दोन रात्रींचा बेत सभासदत्वाच्या वार्षिक शुल्काएवढ्या पैशांत आरामात होतो. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा मागितली नाही तर तिकीट लागत नाही, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ नको असेल तर अर्धे भाडे पडते. विमानात मात्र दोन वर्षे पूर्ण झाली की स्वतंत्र आसनाचे तिकीट काढावे लागते. मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंतची दोन वर्षे तुम्ही रेल्वेने फिरावे हे उत्तम. तुमच्यापैकी कोणाच्या पगारात रजा प्रवासभत्ता (एलटीए) असेल आणि जुनी करप्रणाली निवडलेली असेल, तर चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोनदा देशांतर्गत प्रवासभाड्यावर करसवलत मिळते. ती फक्त भाड्यावर मिळते, राहण्यावर नाही. त्यामुळे क्लबच्या माणसाने करबचतीचा जो उल्लेख केला, तो त्याच्या सभासदत्वाला लागू होत नाही.

टोकनविषयी. दहा हजार गेले म्हणून पुढचे पाच लाख तीस हजार भरणे हे समर्थनीय नाही. गेलेच तर गेले असे समजा, पण प्रयत्न सोडू नका. परत मिळणार नाहीत असे तुम्हाला तोंडी सांगितले आहे, म्हणून सही केलेल्या अर्जात रद्द करण्याची मुदत किती दिली आहे ते आजच वाचा, आणि त्या मुदतीत ई-मेलने व स्पीड पोस्टाने, दोन्ही मार्गांनी, रद्द करत असल्याचे कळवा. आयुर्विम्याची पॉलिसी पसंत नसल्यास परत करायला नियमाने तीस दिवस मिळतात. हॉलिडे क्लबवर असा नियामकच नाही, त्यामुळे इथे करारातली मुदत हीच काय ती तुमची. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या ग्राहक आयोगाकडेही जाता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

शेवटी तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलेल्या गोष्टीकडे येतो, कारण मला वाटते तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. वडील स्वतःच्या ठेवीतून दोन लाख क्लबसाठी द्यायला तयार आहेत, आणि गावच्या बंद घराची कौले, वासे आणि संडास दुरुस्त करायला गवंड्याने १,६०,००० सांगितले आहेत, पण तो खर्च तुम्हाला वायफळ वाटतो. वडिलांचे पैसे क्लबला मुळीच देऊ नका. घराची दुरुस्ती ही गुंतवणूक नव्हे, ते पैसे परत येणार नाहीत. ती सुट्टीवरचा खर्च म्हणूनच मोजा. दहा वर्षांवर वाटला तर तो वर्षाला सोळा हजार पडतो, म्हणजे क्लबच्या पहिल्या वर्षाच्या देखभाल शुल्काहून कमी, आणि त्यात मे महिना आणि गणपती दोन्ही येतात. साफसफाई, वीजबिल आणि विंचूकाट्याची भीती हे वरचे धरा.

एक अट मात्र आहे. घर तुमच्या वडिलांचे आणि दोन काकांचे सामाईक आहे. गवंड्याला आगाऊ रक्कम देण्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा, त्यावर घर कोणाच्या नावे आहे ते पाहा, आणि दुरुस्तीचा खर्च कोणी केला व मे महिन्यात कोणी कधी राहायचे, हे तिघा भावांच्या सह्यांनिशी एका कागदावर लिहून घ्या. हे काम येत्या गणपतीत सगळे गावी जमतील तेव्हा उरकता येईल. गणपतीत कोकणात जाणाऱ्या रेल्वेगाड्यांचे आरक्षण आता साठच दिवस आधी सकाळी आठ वाजता उघडते आणि काही मिनिटांत संपते, तेव्हा ती तारीख मोजून आजच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. कौले मात्र पाऊस ओसरल्यावर, दिवाळीनंतरच उतरवा.