‘ट्यूमर सप्रेसर’ला मराठीत काय म्हणायचं? दमन, शमन की रोध?

प्रश्न असा आहे की पी५३ या ‘ट्यूमर सप्रेसर’ प्रथिनावर, म्हणजे पेशीत कॅन्सरची गाठ होऊ न देणाऱ्या प्रथिनावर, काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाच्या बातमीत "ट्यूमर दाबणारी प्रथिने" असं छापलं होतं, दुसरीकडे "अर्बुद दमनकारी प्रथिन" असं दिसलं, तर यातलं बरोबर कुठलं, आणि पी५३ या नावाचा अर्थ काय.

माझं उत्तर आधीच सांगतो, रोधक. लिहिताना अर्बुदरोधक प्रथिन, बोलताना गाठरोधक प्रोटीन. दाबणारं तर अजिबात नको.

पहिल्यांदा ट्यूमर. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ग्रंथी आणि अर्बुद असे दोन वेगळे विकार दिलेत, आणि अर्बुदाचं वर्णन गोल, स्थिर, मोठं, कमी दुखणारं, खोल मूळ असलेलं, हळूहळू वाढणारं आणि न पिकणारं असं आहे, म्हणजे ट्यूमरला अर्बुद म्हणण्यात ओढूनताणून काही केलेलं नाही. (याच शब्दाचा दुसरा अर्थ दहा कोटी, पण तो आता कोणी वापरत नाही त्यामुळे घोटाळा होत नाही.) ग्रंथी मात्र चालणार नाही, कारण आजच्या मराठीत ग्रंथी म्हटलं की थायरॉइड, लाळग्रंथी वगैरे डोळ्यासमोर येतात. गंमत म्हणजे त्याच ग्रंथीपासून आलेला गाठ हा शब्द ट्यूमरसाठी घरोघरी चालतो, "साधी गाठ आहे की कॅन्सरची" असंच लोक विचारतात. आवाळू हाही छान शब्द आहे पण तो अंगावर वर्षानुवर्षं असणाऱ्या, न दुखणाऱ्या, निरुपद्रवी गाठीसाठी, तो इथे आणू नये.

आता सप्रेसर, खरा वाद इथे आहे. दमनच्या बाजूने एक चांगला मुद्दा आहे तो मान्य करतो. शाळेच्या विज्ञानात कॅन्सरच्या गाठीला "दुर्दम अर्बुद" म्हणतात, दुर्दम म्हणजे ज्याचं दमन करणं कठीण, मग जे प्रथिन त्याला आवरतं ते दमनकारी, धातू एकच, जोडी जुळते. ऐकायला सुरेख आहे. पण दमन करायला समोर आधी कोणीतरी उभं असावं लागतं ना? बंडाचं दमन होतं, इंद्रियांचं दमन होतं, म्हणजे ती गोष्ट आहे आणि जोर करतेय. दाबणं तसंच. शमनही तसंच, वेदनाशामक गोळी आपण दुखायला लागल्यावर घेतो.

आणि पी५३ चं काम तसं नाहीच. ते निरोगी पेशीत, गाठीचा पत्ताही नसताना चालतं. एरवी पेशीत हे प्रथिन अगदी थोडं असतं, कारण एमडीएम२ नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून मोडीत काढायला पाठवत असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी किंवा क्ष-किरणांनी डीएनए बिघडला की ही पकड सुटते, पी५३ साठतं आणि काही जनुकं चालू करतं, त्यातल्या एका जनुकापासून पी२१ तयार होतं आणि ते पेशीचं विभाजन जागच्या जागी थांबवतं. मधल्या वेळात दुरुस्ती झाली तर ठीक, नुकसान फारच असेल तर पेशी स्वतःला संपवते. म्हणजे बिघडलेल्या डीएनएच्या नकला निघण्याआधीच वाट अडवली. याला मराठीत रोध म्हणतात, दुसरा शब्द मला तरी सुचत नाही.

मग इंग्रजीत सप्रेस कुठून आलं? हे बघण्यासारखं आहे. १९६९ मध्ये ऑक्सफर्डला हेन्री हॅरिस आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या कॅन्सर-पेशी आणि साध्या पेशी एकमेकींत मिसळून संकरित पेशी केल्या. त्या उंदरात टोचल्या तर गाठी जवळजवळ होईनात, आणि त्या पेशींनी पुढे काही गुणसूत्रं गमावली की गाठी परत व्हायला लागल्या. म्हणजे कॅन्सरचा गुण तिथे खरंच हजर होता आणि साध्या पेशीतल्या कशानेतरी तो दबला होता. त्या प्रयोगापुरतं सप्रेशन हे तंतोतंत वर्णन आहे. दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, आल्फ्रेड नडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरच्या ४८ केसेस अभ्यासून दाखवलं की गाठ व्हायला दोन घाव, म्हणजे जनुकातले दोन बिघाड, लागतात, आणि आनुवंशिक प्रकारात त्यातला एक घाव मूल जन्मतःच घेऊन येतं. या कॅन्सरमागचं जनुक, आरबी, १९८६ मध्ये हाती लागलं आणि दोन्ही घाव त्याच्याच दोन प्रतींवर बसतात हे पक्कं झालं. एक प्रत शाबूत असेपर्यंत गाठ होत नाही, दोन्ही गेल्या की वाट मोकळी. कल्पना इथे बदलली, शब्द मात्र जुनाच राहिला, आणि मराठीत नवीन शब्द करताना आपण ती जुनी कल्पना का उचलायची? जनुक काय करतं ते बघून शब्द करावा.

पी५३ चं नाव तर याहून मजेदार. पी म्हणजे प्रोटीन, ५३ म्हणजे ५३ किलोडाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक) वजन, बस. १९७९ मध्ये लंडनला डेव्हिड लेन आणि लायोनेल क्रॉफर्ड, अमेरिकेत आर्नल्ड लेव्हिन, आणि अजून एकदोन गटांना हे प्रथिन सापडलं, लेन आणि लेव्हिन दोघांकडेही एसव्ही४० या विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेलं. ५३ हा आकडा जेलवरच्या (प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करायच्या थरावरच्या) पट्टीवरून आला, आणि तो चुकीचा आहे! खरं वजन ४४ च्या आसपास आहे, प्रोलीन हे अमिनो आम्ल जास्त असलेल्या भागामुळे ते जेलमधून हळू सरकतं आणि जड भासतं. पण हे कोरडं नाव ठेवलं ते फार बरं झालं, कारण पुढची दहा वर्षं सगळे समजत होते की पी५३ कॅन्सर घडवतं, म्हणजे अगदी उलट. प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या त्याच्या प्रती मुळात बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये बाल्टिमोरच्या बर्ट व्होगेलस्टीन यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या गाठी तपासल्या तर १७ व्या गुणसूत्रावरच्या या जनुकाची एक प्रत गायब आणि उरलेली बिघडलेली, नडसन म्हणाले तसेच दोन घाव. सुरुवातीलाच कोणी कामावरून नाव ठेवलं असतं तर ते बदलावं लागलं असतं. म्हणून पी५३ चं मराठीकरण करू नये, नाव आहे तसं ठेवावं. माणसाच्या जनुकाला टीपी५३ लिहितात आणि प्रथिनाला पी५३, एवढा फरक बातमीत पाळला तरी खूप.

१९९२ मध्ये लेन यांनी त्याला "गार्डियन ऑफ द जीनोम" (जीनोम म्हणजे पेशीतला सगळा डीएनए) म्हटलं ते तुम्ही वाचलं असेलच. त्याला पालक, संरक्षक वगैरे म्हणतात, मला जीनोमचा राखणदार आवडेल. कोकणात, गोव्यात राखणदार म्हणजे गावाची सीमा सांभाळणारा, संकट वेशीच्या आत येऊ न देणारा, आणि पी५३ नेमकं हेच करतं.

उरलेले पर्याय पटकन. अर्बुदनाशक चूक, ते गाठीचा नाश करायला जात नाही. कॅन्सरविरोधी म्हटलं की औषध वाटतं. प्रतिबंधक अर्थाने जवळचा आहे पण त्यावर लसीचा शिक्का बसलाय, बाहेरून काहीतरी टोचून घ्यायचं असं वाटतं, आणि हे तर पेशी स्वतःच बनवते.

यावरून एक गोष्ट जी मला शब्दापेक्षाही महत्त्वाची वाटते. मराठी वाचकाला प्रथिन किंवा प्रोटीन म्हटलं की डाळ, अंडी, पावडरचा डबा आठवतो. "कॅन्सर दाबणारं प्रोटीन" असं वाचून हे कशात मिळतं, बाबांना देऊ का, असं कोणी विचारलं तर चूक त्यांची नाही, वाक्याची आहे. खाल्लेलं प्रोटीन पचून अमिनो आम्लं होतात, पी५३ असं खाऊन मिळत नाही. तसंच बायोप्सीच्या रिपोर्टात पी५३ पॉझिटिव्ह दिसलं तर "चला, दाबणारं आहे" असा आनंद कोणी करू नये. चांगलं पी५३ पेशीत टिकतच नाही, बिघडलेलं साठून राहतं, त्यामुळे तपासताना पी५३ ला दिलेला रंग ठळक आला तर तो बहुतेकदा बिघाडाकडे बोट दाखवतो, आणि काही वेळा अजिबात रंग न येणं हाही बिघाडच असतो, अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

तर बातमीतलं वाक्य मी असं लिहीन: "पेशीत तयार होणारं पी५३ हे अर्बुदरोधक प्रथिन डीएनए बिघडल्यावर पेशीचं विभाजन थांबवतं, माणसाच्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये त्याचं जनुक बिघडलेलं असतं." अर्बुदरोधक सलग, मध्ये जागा न सोडता. गाठरोधकमध्ये मराठी आणि संस्कृत जोडलंय म्हणून कोणी हरकत घेईल, त्यांनी डासप्रतिबंधक कसं चालतं ते बघावं.