सासऱ्यांना आधी बडोद्याला पाठवू नका

"मावशी, इंदूरजवळ सांवेरकडे आमची शेती आहे. दिवाळीच्या आत आम्ही कायमचे बडोद्याला मुलाकडे जातोय. जमीन शेजाऱ्यांना बटाईने दिली. ट्रॅक्टर, ट्रॉली, सीड ड्रिल, थ्रेशर, दोन म्हशी, एक गाय आणि बैलजोडी यांचा लिलाव अंगणातच ठेवलाय, घटस्थापनेनंतरच्या रविवारी. सासरे ८१ वर्षांचे. ते एवढंच म्हणाले, 'बैल माझ्यामागे विका.' दीर म्हणतात, त्यांना आठ दिवस आधी बडोद्याला पोचवू आणि मागे सगळं उरकून टाकू, उगाच त्यांना त्रास नको. ह्यांनाही ते पटलंय. मला ही फसवणूक वाटते. मी चुकतेय का? गोठ्यातल्या चंद्रीला मी बाटलीने दूध पाजून वाढवलंय, पण ते जाऊ दे."
— सांवेरची सून

प्रिय सूनबाई,

तू चुकत नाहीस. ही फसवणूकच आहे, आणि ती मायेपोटी होतेय म्हणून कमी होत नाही. आठ दिवसांनी सासरे फोनवर विचारतील, "बैलांना पाणी दाखवलं का?" तेव्हा उत्तर कोण देणार आहे?

माझं माहेर देपालपूरकडचं. तिथलं घर मोडलं तेव्हा आईला असंच "त्रास नको" म्हणून मामाकडे पाठवलं होतं. लोखंडाचा एक ढीग, लाकडाचा एक ढीग, असं ठोक विकलं गेलं. लाकडाच्या ढिगात आईची ताकाची रवी होती, तिच्या आईने दिलेली. पैसे किती आले हे तिने कधी विचारलं नाही. रवी कुणी नेली, एवढंच ती विचारायची, अगदी शेवटच्या आजारपणातसुद्धा. कुणालाच सांगता आलं नाही. म्हणून या बाबतीत मी मधलं काही बोलणार नाही: सासरे लिलावाला अंगणात, खुर्चीवर, सगळ्यांच्या पुढे बसलेले हवेत.

आता त्यांचं वाक्य पुन्हा ऐक. ते बडोद्याला नाही म्हणालेले नाहीत. ट्रॅक्टरबद्दल अवाक्षर नाही. त्यांनी फक्त बैल म्हटलंय. म्हणजे माणूस निघायला तयार आहे, त्याला एकच गोष्ट बोलीवर चढवायची नाही. ती ऐका. लिलाव लोखंडाचा करा, जनावरांचा नको.

यात मन राखण्यापलीकडेही कारण आहे. दुभतं जनावर गर्दीत, परक्या हातांत पान्हा चोरतं. पन्नास माणसांच्या कालव्यात तुझी म्हैस अर्धंच दूध देईल आणि तेवढ्यावरच तिची किंमत ठरेल. गिऱ्हाइकाला घरी बोलव, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतः धार काढून बघू दे. म्हैस गाभण असेल तर भरवल्याची तारीख लिहून दे. ती साधारण ३१० दिवसांनी विते, पुढचा हिशोब घेणारा करील. लाळ्या-खुरकूतची लस कधी टोचली तेही सांग. कानात बारा आकडी बिल्ला असेल तर जनावरांच्या दवाखान्यात नोंद नव्या मालकाच्या नावे करून घ्या.

बैलांचं मात्र घाईने करू नका. आपल्याकडे मध्य प्रदेशात गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे, २००४ चा कायदाच आहे. तरी उतारवयाची जोडी अनोळखी दलालाच्या हाती गेली की पुढे कुठे पोचली हे कुणी कळवायला येत नाही. सासऱ्यांनाच विचारा, जोडी कुणाच्या गोठ्यात शोभेल? त्यांच्या डोक्यात नाव तयार असणार. दोन-चार बिघे बैलांवर करणारा कुणीतरी, ज्याच्या हातात चाबूक कमी आणि तोंडात हाक जास्त. त्याला गाडी आणि वखर जोडीसकट द्या, तो देईल त्या भावात. कमी आलेल्या पैशांवरून दीर कुरकुरले तर कुरकुरू देत.

दिवसही बदला. घटस्थापनेनंतरचा रविवार म्हणजे खंडेनवमीच्या आधी अवजारं घरातून जाणार. ज्या नांगराला दरवर्षी हळद-कुंकू लावलं तो यंदा पूजेच्या तोंडावर विकायचा? नवमीला शेवटची पूजा सासऱ्यांच्या हातून होऊ दे, दसरा जाऊ दे, मग बोली लावा. व्यवहारानेही तेच बरं: तोवर लोकांचं सोयाबीन मंडीत जाऊन हातात पैसा येतो आणि गव्हाची पेरणी पुढे उभी असते, म्हणून सीड ड्रिलला, कल्टिव्हेटरला खरा गरजू मिळतो. थ्रेशर तेवढं आत्ताच, मळणी चालू असताना सुटं विकलंत तरी चालेल. प्रत्येक वस्तूची पहिली बोली किती, हे सासऱ्यांकडून ठरवून घ्या. कुठलं अवजार कुठून आणलं आणि कुठे जोड दिलाय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

ट्रॅक्टरचं काम तुझ्या नवऱ्याचं, पण त्याच्या कानावर घाल. कर्ज फिटलं तरी आरसी बुकात बँकेचा बोजा राहिलेला असतो. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवा, मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून नाव बदला. "नाव नंतर करून घेऊ" म्हणणाऱ्याला स्टॅम्प पेपरवर ट्रॅक्टर सोडू नका. उद्या अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरटीओत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. तुम्ही बडोद्यात आणि समन्स सांवेरला, असं नको.

ढीग लावायच्या आधी तू एकदा घरभर, गोठाभर फीर. जे तुझं आहे ते उचलून आत ठेव, कुणाला विचारू नकोस.

आणि आता ते, जे तू "जाऊ दे" म्हणून सोडलंस. अख्ख्या पत्रात सासरे काय म्हणतात, दीर काय म्हणतात, ह्यांना काय पटतं हे सगळं आहे. तुझं स्वतःचं दुःख शेवटच्या एका वाक्यात, आणि तेही लिहून लगेच मागे घेतलंस. सासऱ्यांची बाजू घेऊन तू भांडायला तयार आहेस, ते चांगलंच आहे. पण चंद्रीसाठीही बोल. ती कुणाकडे जाईल हे ठरवायचा हक्क, बाटली ज्या हातात होती त्या हाताचा. जवळपासचं घर बघ, जिथे एखादी बाई स्वतः धार काढते. तिला इथे बोलवून दोन दिवस तुझ्याबरोबर गोठ्यात बसव. चंद्री कुठे खाजवलं की मान टाकते, कुठल्या हाकेला येते, ते तिला दाखव.

घरात हे बोलणं तुला अवघड जाईल. सगळ्यांसमोर नकोच. आज जेवणं आटोपली की नवऱ्याला गोठ्यात हाक मार, चंद्री समोर असताना सांग, "बाबा लिलावाला इथेच थांबतील, आणि चंद्री मी सांगेन तिथे जाईल." मग गप्प राहा, त्याला उत्तर द्यायला वेळ दे.

तुझी,
मावशी